‘सगळं कव्हर आहे’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न : आम्ही तिघी मैत्रिणींनी मिळून एक छोटी निर्मितीसंस्था काढली आहे, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) म्हणून नोंदवलेली. पहिलाच मराठी चित्रपट. जुलैत अठरा दिवस शूटिंग : सात दिवस सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात, आठ दिवस मुळशीकडे, तीन दिवस भोरला. कॅमेरा, लेन्स, लाइट सगळं भाड्याचं. युनिट पंचेचाळीस जणांचं. मुख्य भूमिकेतल्या अभिनेत्री अडुसष्ट वर्षांच्या आहेत. सामान भाड्याने देणाऱ्यांनी ‘विमा दाखवा, मगच गाडी भरू’ असं सांगितलंय. एजंटने फिल्म पॅकेजचं कोटेशन पाठवलंय. त्यात काय काय येतं असं विचारलं तर म्हणाला, ‘मॅडम, सगळं कव्हर आहे.’ पॉलिसीची चाळीस पानं वाचून डोकं गरगरलं. काय घ्यावं, काय सोडलं तरी चालेल? आणि पाऊस, ड्रोन यांचं काय?
— एक निर्माती, कोथरूड

उत्तर :

एजंटला आजच एक मेल टाका. फोन नको, मेलच. त्यात एवढंच विचारा : ‘मुळशीत रात्री हॉटेलबाहेर लावलेल्या टेम्पोतून लेन्सची पेटी चोरीला गेली, तर कुठल्या कलमाखाली, किती कापून, किती पैसे मिळतील?’ उत्तर लेखी आलं की ‘सगळं’ या शब्दाची लांबी-रुंदी कळेल. बहुतेक पॉलिसींमध्ये गाडीत कुणी नसताना झालेल्या चोरीला पैसे मिळत नाहीत. मिळालेच तर गाडी कुलूपबंद असावी लागते आणि कुलूप किंवा काच फोडल्याची खूण दिसावी लागते. दार उघडं राहिलं आणि पेटी गेली, तर क्लेम तिथेच संपतो.

चाळीस पानं पहिल्यापासून वाचू नका. आधी शेड्यूल वाचा : विमा कुणाच्या नावे, कुठल्या तारखांचा, कुठल्या हद्दीत, कशाचा आणि किती रकमेचा. मग अपवादांचं पान, आणि त्यानंतर वॉरंटी, म्हणजे तुम्ही पाळायलाच हव्यात अशा गोष्टी, व अटी. मधलं वर्णन शेवटी वाचलं तरी चालतं. फिल्म पॅकेज ही एकच पॉलिसी नसते, सुटे कप्पे एकत्र बांधलेले असतात : सामान, कलाकार, शूट केलेलं साहित्य, सेट आणि कपडेपट, तिऱ्हाइताचं नुकसान, कामगारांची जबाबदारी, अपघात विमा. शेड्यूलमध्ये ज्या कप्प्यापुढे रक्कम लिहिलेली नाही, तो कप्पा रिकामा आहे असं समजा. मागच्या पानांवर त्याचं वर्णन कितीही छान छापलेलं असो.

पण पॉलिसीच्याही आधी तुमचे करार काढा. विमा काय घ्यायचा हे एजंट नाही, तुमचे करार ठरवतात. करारातून तुमच्या गळ्यात जे पडतं, तेवढ्याला विमा लागतो.

सुरुवात सामानाच्या करारापासून, कारण पैसे तिथेच अडकतात. भाड्याच्या करारात सहसा तीन गोष्टी असतात : हरवलं किंवा मोडलं तर नव्या वस्तूची किंमत द्यायची, वस्तू परत मिळेपर्यंत किंवा दुरुस्त होईपर्यंत भाडं चालू राहणार, आणि सामान त्यांच्या दारातून निघाल्यापासून परत येईपर्यंत जबाबदारी तुमची. आता हेच तीन मुद्दे पॉलिसीत शोधा. पॉलिसी बाजारभावाने, म्हणजे घसारा कापून पैसे देत असेल आणि करार नव्या किमतीचा असेल, तर मधला फरक तुमच्या खिशातून जाणार. चालू राहिलेल्या भाड्याचं कव्हर वेगळं मागावं लागतं, आपोआप येत नाही. तारखांचा घोळ तर नेहमीचा. शूटिंग अठरा दिवसांचं म्हणून पॉलिसीही अठरा दिवसांची काढतात. सामान मात्र आदल्या संध्याकाळी उचलायचं असतं आणि पॅकअपनंतर दुसऱ्या दिवशी दुपारी परत जायचं असतं. पॉलिसी उचलण्याच्या दिवसापासून परतीच्या दिवसापर्यंत हवी, वर दोन दिवस राखून. पावसाने शूटिंग लांबलं तर मुदत संपायच्या आधी वाढवून घ्या. संपलेली पॉलिसी मागल्या तारखेने जिवंत होत नाही.

विम्याची रक्कम कमी दाखवून प्रीमियम वाचवायचा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. त्याचं गणित बघून घ्या. समजा, सामानाच्या यादीची एकूण किंमत ६२.५ लाख आहे आणि तुम्ही विमा काढला २५ लाखांचा, कारण ‘सगळं एकदम थोडंच जाणार?’ हा विमा ४० टक्के झाला. ट्रॉलीवरून कॅमेरा घसरला आणि लेन्सचं तीन लाखांचं नुकसान झालं. तुम्हाला वाटतं, तीन लाख पंचविसाच्या आतच आहेत. पण पॉलिसीत सरासरीचं कलम असतं. जितका टक्का विमा, तितकाच टक्का नुकसान भरून मिळतं. तीन लाखांचे ४० टक्के म्हणजे १ लाख २० हजार. त्यातून एक्सेस, म्हणजे प्रत्येक क्लेममधला तुमचा वाटा, समजा २५ हजार. हातात ९५ हजार. उरलेले २ लाख ५ हजार तुमचे. म्हणून तुमच्या नव्हे, भाड्याने देणाऱ्यांच्या यादीतली नव्या वस्तूची किंमत धरा, सीरियल नंबरसकट ती यादी पॉलिसीला जोडा, आणि शेवटच्या क्षणी एखादी लेन्स किंवा मॉनिटर वाढला तर गाडी निघण्यापूर्वी एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीत लेखी बदल, करून घ्या. यादीत नसलेल्या वस्तूवर वाद घालण्यात वेळ जातो, पैसे क्वचितच येतात.

अजून एक गोष्ट. सामानवाल्यांची स्वतःची पॉलिसी बहुधा असते. त्यांनी आपल्या विमा कंपनीकडून पैसे घेतले तरी तुम्ही सुटत नाही. ती कंपनी त्यांच्या जागी उभी राहून तुमच्याकडून वसुली करू शकते. याला सब्रोगेशन म्हणतात. यावर दोन उपाय : त्यांच्या पॉलिसीत ‘भाड्याने घेणाऱ्याकडून वसुली नाही’ असं कलम घालून मागा, किंवा तुमच्या पॉलिसीत त्यांचं नाव नुकसानभरपाई घेणारे म्हणून टाका. पुण्या-मुंबईत सामानासोबत त्यांचा अटेंडंट येतो. त्याच्या हातून वस्तू पडली तर जबाबदारी कुणाची, हे करारात एका ओळीत लिहून घ्या. ही ओळ सहसा कुणी लिहीत नाही, आणि वाद नेमका तिथेच होतो.

जुलैतली मुळशी म्हणजे दमट हवा. अचानक पाणी पडून कॅमेरा बंद पडला, तर तो अपघात म्हणून मांडता येतो. लेन्सच्या आत आलेली बुरशी, कनेक्टरला धरलेला गंज, हळूहळू झालेली झीज हे सगळे अपवादांत. एसी खोलीतून काढलेला थंड कॅमेरा एकदम बाहेरच्या दमटात नेला की आतल्या काचेवर बाष्प धरतं. तो पेटीतच अर्धा-पाऊण तास बाहेर ठेवा, मग उघडा. पेट्यांत सिलिका जेल ठेवा आणि ते वाळवत जा. विमा कंपनीने ‘पुरेशी काळजी घेतली नाही’ म्हटलं, तर या साध्या गोष्टींची नोंद रोजच्या प्रॉडक्शन रिपोर्टमध्ये सापडली पाहिजे.

वाड्याकडे वळू. लोकेशनमालक ‘थर्ड पार्टी घेतलीय ना?’ असं विचारतात, तुम्ही हो म्हणता, दोघंही खूश. पण साध्या थर्ड पार्टी कव्हरमध्ये एक अपवाद असतो : जी मालमत्ता तुमच्या ताब्यात किंवा देखरेखीखाली आहे, तिचं नुकसान यात येत नाही. सात दिवस तो वाडा तुमच्याच ताब्यात आहे. बघ्यांच्या अंगावर स्टँड पडला तर कव्हर आहे, वाड्याच्या कोरीव खांबाला ट्रॉलीचा रूळ लागला तर नाही. भाड्याने घेतलेल्या जागेच्या नुकसानीचं कव्हर वेगळं मागून, वेगळ्या रकमेने घ्या. रक्कम वाड्याच्या लाकूडकामावरून ठरवा. सागवानी तुळई आणि महिरपींची दुरुस्ती प्लायवुडच्या दराने होत नाही. ताबा घेताना आणि सोडताना प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा, मालकांना सोबत घेऊन, आणि आधीच्या भेगा व पोपडे मुद्दाम टिपा.

वाड्यातल्या विजेचं. घरातलं मोठं सॉकेट १६ अँपिअरचं. ४ किलोवॉटचा एक लाइट २३० व्होल्टवर १७ अँपिअरच्या वर ओढतो. म्हणजे एकच लाइट त्या सॉकेटला जड आहे, आणि पेठेतल्या वाड्यांचं वायरिंग किती जुनं ते वाडा बघितल्यावर कळतंच. जनरेटर आणा, रस्त्यावरून केबल नेताना झाका, आणि आग विझवण्याची सिलिंडरं कॅमेऱ्याच्या बाजूला नव्हे, लाइटच्या बाजूला ठेवा. घरगुती बोर्डावर एवढा भार टाकून आग लागली, तर सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासायला विमा कंपनीने नेमलेला माणूस, पहिला प्रश्न भाराबद्दलच विचारतो.

माणसांच्या विम्यात दोन वेगळ्या गोष्टी एकच समजल्या जातात. अपघात विमा ही तुमची माणुसकी : माणूस जखमी झाला, ठरलेली रक्कम मिळाली. कामगार नुकसानभरपाई ही कायद्याची जबाबदारी, आणि ती अपघात विम्याने फिटत नाही. १९२३ चा हा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. जुन्या कायद्याच्या हिशेबाने मृत्यूची भरपाई म्हणजे महिन्याच्या पगाराचा निम्मा भाग गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा. तीस वर्षांच्या लाइटमनचा पगार, हिशेबासाठी ठरलेल्या १५ हजारांच्या मर्यादेइतका धरला, तर ७,५०० गुणिले २०७.९८ म्हणजे १५ लाख ५९ हजार ८५० रुपये. आणि ‘तो आमचा नाही, कंत्राटदाराचा माणूस’ म्हणून सुटता येत नाही. कंत्राटदाराच्या माणसाची जबाबदारीही मुख्य मालकावर येते, नंतर कंत्राटदाराकडून वसुली करायची ती तुम्ही. सेटिंगवाले, लाइटमन, स्पॉटदादा, रोजंदारीवरचे, सगळे पॉलिसीच्या संख्येत आणि पगाराच्या बेरजेत धरा. पंचेचाळीसपैकी तीसच दाखवले आणि अपघात एकतिसाव्याला झाला, असं होतं. हा कप्पा काही झालं तरी सोडू नका.

आता ज्येष्ठ अभिनेत्री. कलाकाराच्या कव्हरमध्ये मृत्यू, अपघात आणि आजारपण येतं. मालिकेने डेट ओढून घेतली, मानधनावरून वाद झाला, मूड नाही, यातलं काही येत नाही. मराठीत दिवस बुडतात ते जास्त करून मालिकेपायी, आणि त्यावर विमा मिळत नाही. अडुसष्टाव्या वर्षी विमा कंपनी वैद्यकीय तपासणी मागेल, मधुमेह-रक्तदाबासारखे आधीचे आजार वगळेल किंवा प्रीमियम वाढवेल, आणि पहिल्या काही बुडालेल्या दिवसांचा खर्च तुमच्याच माथी ठेवेल. तपासणीच्या फॉर्मवर त्यांच्याकडून खरं लिहून घ्या. लपवलेला आजार क्लेमच्या वेळी हॉस्पिटलच्या कागदांतून बाहेर येतो आणि संपूर्ण कप्पा रद्द होतो. आमचं मत विचाराल तर, एवढ्या बजेटमध्ये या प्रीमियमपेक्षा वेळापत्रक जास्त कामाचं. त्यांचे सीन पहिल्या आठवड्यात सलग घ्या, वाड्यातच. पायऱ्या, चिखल आणि रात्रीचं शूटिंग त्यांना शक्य तितकं कमी. त्यांच्याशिवाय चित्रपट पूर्णच होत नसेल आणि फायनान्सरने मागितलंच असेल, तर मात्र कव्हर घ्यावं लागेल.

शूट केलेल्या साहित्याबद्दल एक गैरसमज सर्रास आहे. सामानाच्या पॉलिसीत मेमरी कार्ड हरवलं तर कार्डाचे पैसे मिळतात, आतल्या दृश्यांचे नाहीत. दृश्यं पुन्हा चित्रित करायचा खर्च हवा असेल तर मीडियाचा कप्पा वेगळा लागतो, आणि त्यातही माणसाची चूक बहुधा वगळलेली असते. ‘चुकून फॉरमॅट झालं’ हे वाक्य क्लेम फॉर्मवर लिहिलंत की संपलं. चूक होते ती घाईमुळे, आणि घाईचं गणित असं : फोर-के प्रोरेस ४२२ एचक्यू या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये सेकंदाला २५ फ्रेमने तासाला साधारण ३३० जीबी भरतात. दिवसाला तीन तास फुटेज म्हणजे जवळपास १ टीबी. साधी हार्ड डिस्क सेकंदाला १५० एमबी घेते असं धरलं तर एका प्रतीला पावणेदोन-दोन तास, आणि पडताळणी धरून साडेतीन-चार. कार्डं दोनच असली की रात्री अकरा वाजता कुणीतरी ‘झालं असेल’ म्हणून फॉरमॅट मारतं. कार्डं जास्त भाड्याने घ्या, डीआयटीला, म्हणजे कार्डांवरचं फुटेज उतरवून सांभाळण्याच्या कामाला, वेगळा माणूस द्या, चेकसम (प्रत मुळाबरहुकूम असल्याची पडताळणी) जुळल्याची नोंद झाल्याशिवाय फॉरमॅट नाही हा नियम करा. तीन प्रती : एक लोकेशनवर, एक निर्मात्याच्या घरी, एक एडिटरकडे. तिन्ही हार्ड डिस्क एकाच बॅगेत पुण्याला आणल्या तर ती एकच प्रत. पॉलिसीत ‘रोज बॅकअप’ अशी अट असेल तर कॉपीचे लॉग जपून ठेवा, नुसतं तोंडी सांगून चालत नाही.

पाऊस. जुलैत मुळशीत पाऊस पडला हे विमा कंपनीसाठी नुकसान नाही, हवामान आहे. अपेक्षित गोष्टीचा विमा होत नाही. प्रतिकूल हवामानाचं कव्हर मिळतं, पण त्यात ठरावीक वेळेत ठरावीक मिलिमीटर असा आकडा असतो आणि मोजणी कुठल्या केंद्राची धरायची तेही लिहिलेलं असतं. इथेच फसगत होते. शिवाजीनगरच्या वेधशाळेचा आकडा धरला, तर पुण्यात चार थेंब आणि ताम्हिणीच्या बाजूला धो धो, असं रोज होईल. घाटमाथ्यावर शहराच्या कितीतरी पट पाऊस पडतो. केंद्र लोकेशनजवळचं नसेल तर ते कव्हर घेऊ नका. त्याऐवजी ते पैसे वेळापत्रकात घाला : मुळशीचे आठ दिवस ठेवलेत, तर दोन दिवस राखीव धरा, आणि पाऊस लागला की आत शिरायला एखादी पडवी किंवा खोली तिथेच जवळ ठरवून ठेवा. दृश्यात पाऊस हवाच असेल तर प्रश्नच नाही, नको असेल तर महिना बदलण्याचा विचार करा.

ड्रोनचं थोडक्यात. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचे नॅनो ड्रोन सोडले तर थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. तुमच्यासारख्या व्यावसायिक कामाला त्याहून मोठा ड्रोन लागला तर रिमोट पायलट प्रमाणपत्रही लागतं. ड्रोनवाल्याकडून विमा, नोंदणी क्रमांक आणि प्रमाणपत्राच्या प्रती शूटिंगच्या आधी घ्या, कारण फिल्म पॅकेजमध्ये हवेत उडणारी वस्तू सहसा वगळलेली असते. पेठेत ड्रोन उडवायचा बेत असेल तर डिजिटल स्काय या सरकारी वेबसाइटवरचा ड्रोनच्या हद्दींचा नकाशा त्या दिवशी बघा. लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा आहे, तेव्हा पुण्याच्या आकाशात हिरवा रंग, म्हणजे वेगळी परवानगी न लागणारी हद्द, गृहीत धरू नका. विनापरवाना उड्डाणात अपघात झाला तर विमा असून नसल्यासारखा.

गाड्यांमध्येही एक खड्डा आहे. दृश्यासाठी मित्राची खासगी गाडी भाडं देऊन घेतलीत, तर तिच्या मोटार पॉलिसीत ‘भाड्याने वापर नाही’ असं लिहिलेलं असतं. आणि मोटारीने झालेला अपघात तुमच्या फिल्मच्या थर्ड पार्टी कव्हरमध्ये येत नाही. भाड्याची गाडी व्यावसायिक नोंदणीचीच घ्या. कॅमेरा बॉनेटला लावून रस्त्यावर चालवायचा असेल तर आधी विमा कंपनीला लिहून विचारा.

गाण्यांचे हक्क आणि शीर्षक यांवरच्या दाव्यांचं कव्हर, ज्याला एरर्स अँड ओमिशन्स म्हणतात, ते शूटिंगच्या पॅकेजचा भाग नाही. ते वितरक किंवा ओटीटीवाले करारात मागतात, आणि तेव्हा हक्कांचे सगळे कागद दाखवावे लागतात. आत्ता विकत घेऊ नका, कागद मात्र आत्ताच जमवा : शीर्षकाची नोंदणी, कथा-पटकथेचे करार, प्रत्येक गाण्याचे गीतकार, संगीतकार आणि ध्वनिमुद्रणाच्या हक्कांचे वेगळे कागद. लग्नाच्या सीनमध्ये बँडवाले जे गाणं वाजवतील तेसुद्धा.

पैसे कमी असतील तर आमचा क्रम असा : कामगार नुकसानभरपाई, सामान पूर्ण किमतीने, ताब्यातल्या जागेसह थर्ड पार्टी. त्यानंतर मीडिया. सेट आणि कपडेपट तुमच्या चित्रपटात मोठे नसतील तर छोटी रक्कम पुरे. हवामान आणि कलाकार शेवटी. प्रीमियमवर १८ टक्के जीएसटी लागतो, बजेटमध्ये तोही धरा. आणि विमा एलएलपीच्या नावे, सामानाचा करार मात्र एकीच्या वैयक्तिक सहीने, असं करू नका. ज्याच्या नावे करार, त्याच्याच नावे पॉलिसी.

पैसे वेळेवर भरा. विमा कायदा १९३८ च्या ६४ व्हीबी कलमाप्रमाणे प्रीमियम मिळाल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही. ‘चेक उद्या देतो, आज गाडी भरू द्या’ यात आजची रात्र विम्याबाहेर जाते.

काही घडलंच तर त्याच दिवशी विमा कंपनीला मेल करा, एजंटला फोन करून थांबू नका. चोरी असेल तर पोलिसांत एफआयआर करा. नुसता हरवल्याचा दाखला चोरीच्या क्लेमला पुरत नाही, कारण ‘कसं गेलं कळलं नाही’ हा प्रकार बहुतेक पॉलिसींत वगळलेला आहे. मोडलेली वस्तू सर्व्हेअरने पाहण्यापूर्वी दुरुस्तीला देऊ नका, आणि तुकडे फेकू नका. त्या दिवसाची कॉल शीट (कुणी कधी, कुठे यायचं ते पत्रक), प्रॉडक्शन रिपोर्ट, सामानाचं आवक-जावक चलन आणि भाड्याचा करार एका फोल्डरमध्ये ठेवा. सर्व्हेअर नेमका हाच गठ्ठा मागतो.

क्लेम नाकारला किंवा कापला, तर कारण लेखी मागा आणि विमा कंपनीच्या तक्रार कक्षाकडे अर्ज करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येतं, वर्षाच्या आत. त्यांचं कार्यालय पुण्यातच आहे, नारायण पेठेत, आणि वकील लागत नाही. मागणी ५० लाखांच्या आतली हवी. तिथे व्यक्ती, एकल मालकी आणि सूक्ष्म उद्योग यांच्याच तक्रारी घेतल्या जातात, म्हणून तुमच्या एलएलपीची उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) सूक्ष्म म्हणून शूटिंगच्या आधीच करून ठेवा.